मोडलेल्या बोल्टची पाठचिकित्सा

जुन्या मोटारीचे इंजिन घरी उघडून बसलेल्या माणसाला त्याचा खरा वैरी विचारला, तर तो पिस्टनचे किंवा क्रँकशाफ्टचे नाव सहसा घेणार नाही. तो गंजून अडकलेल्या बोल्टचे नाव घेईल. पान्यावर जोर द्यावा, कट्‌कन आवाज व्हावा, डोके पान्यात यावे आणि धड भोकातच राहावे, हा अनुभव या छंदातल्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो. इथे आम्हांला या प्रसंगाच्या तांत्रिक बाजूइतकीच त्याची ऐतिहासिक बाजू मांडायची आहे. त्या भोकात अडकलेला तुकडा नुसते लोखंड नसतो. त्याच्या आट्यांचा कोन, त्यांतील अंतर आणि डोक्याचे माप यांत एका कारखान्याचा, कधी तीन देशांचा इतिहास कोरलेला असतो. तो वाचता आला नाही तर इंजिनाचा ब्लॉक कायमचा बिघडतो.

उदाहरण म्हणून एम.जी. कंपनीच्या 'टी' मालिकेतील मोटारी घेऊ. टीसी, टीडी या दोन आसनी, उघड्या टपाच्या गाड्या दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात तयार झाल्या. टीडीचे उत्पादन १९५३ साली थांबले आणि त्या गाड्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेत गेल्या. त्यांचे १२५० सी.सी. क्षमतेचे 'एक्सपॅग' इंजिन पूर्णपणे इंग्रजी आहे, असे कोणालाही वाटेल. नटावर व्हिटवर्थ मापाचा पाना नेमका बसतो. म्हणून आटेही इंग्रजीच असणार, हे अनुमान स्वाभाविक आहे आणि साफ चुकीचे आहे. या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत.

हे कसे घडले? जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली इंग्लंडातील आट्यांसाठी एकच प्रमाण सुचवले. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलाकार. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे मळसूत्र वेगळे असे आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेलच याची खात्री नसे. व्हिटवर्थ हा हेन्री मॉड्‌स्ले याच्या कारखान्यात काम केलेला माणूस, आणि अचूक आटे पाडणारे लेथयंत्र सिद्ध करण्यात मॉड्‌स्लेचा वाटा मोठा. अमेरिकेत विल्यम सेलर्स याने १८६४ साली ६० अंशांच्या, सपाट माथ्याच्या आट्याचा पुरस्कार केला. १८९८ साली झुरिच येथे मेट्रिक आट्यावर सहमती झाली. त्याचाही कोन ६० अंश. एवढा तपशील पुरे. शाळकरी पुस्तकांत ही कथा एकरूपतेच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. मोटारीच्या कारखान्यात मात्र ती बरीच गुंतागुंतीची झाली.

बेंजामिन हॉचकिस हा मूळचा अमेरिकन शस्त्रकार फ्रान्समध्ये स्थायिक झाला आणि त्याच्या नावाची कंपनी तिथे तोफा-मशीनगन बनवू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात या कंपनीने इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे कारखाना काढला. युद्ध संपल्यावर यंत्रे रिकामी पडली. त्याच सुमारास ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस याला इंजिने हवी होती. त्याने आधी अमेरिकेतल्या कॉन्टिनेंटल कंपनीची इंजिने वापरली होती आणि आता तिथून पुरवठा होईना. हॉचकिसने ते अमेरिकन इंजिन कॉव्हेंट्रीत बनवून द्यायचे ठरवले. यंत्रे फ्रेंच वळणाची, म्हणून आटे मिलिमीटरचे. मात्र इंग्लिश मेकॅनिकच्या पेटीतले पाने व्हिटवर्थचे, म्हणून नट-बोल्टांची डोकी त्या मापाची. १९२३ साली मॉरिसने हा कारखानाच विकत घेतला आणि ही दुहेरी पद्धत पुढे तीन दशके चालू राहिली. एम.जी. ही मॉरिसच्याच घरातली कंपनी, त्यामुळे वारसा तिच्याकडेही आला. (भारतात 'हिंदुस्थान टेन' नावाने जी गाडी आली ती मॉरिस टेनचीच आवृत्ती, एक्सपॅग इंजिन मॉरिस टेनच्याच इंजिनातून विकसित झाले होते.)

या आट्यांना इंग्रजीभाषक छांदिष्ट 'वेडे मेट्रिक' म्हणून हिणवतात. आम्हांला हे हिणवणे अन्यायाचे वाटते. यंत्रे बदलण्याचा प्रचंड खर्च टाळून ग्राहकाच्या हातातला पाना निरुपयोगी होऊ न देणारी ती तडजोड होती, आणि तडजोड म्हणून ती शहाणपणाची होती. अडचण झाली ती नंतरच्या वाचकांची.

अडचण मिलिमीटरच्या अंशांतली आहे. एक्सपॅगमध्ये वारंवार येणारा बोल्ट ८ मि.मी. व्यासाचा, दोन आट्यांत १ मि.मी. अंतर असलेला. इंग्रजी बारीक आट्याचा ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मि.मी. भरतो आणि त्याच्या आट्यांतील अंतर १.१५ मि.मी. असते. अमेरिकन बारीक आट्यात तेच अंतर १.०६ मि.मी. व्यास इतका जवळचा, की हा परका बोल्ट पहिले दोन-तीन फेरे गोडीगुलाबीने आत जातो. मग अडतो. 'गंज असेल' असे समजून माणूस जोर लावतो आणि तिथेच आटे कापले जातात किंवा बोल्ट मोडतो. पोथीतले अपरिचित रूप लेखनिकाची चूक समजून प्रचलित रूपात बदलणाऱ्या नकलकाराची आठवण इथे यावी. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी संपादताना जुन्या रूपांना जे महत्त्व दिले, तशा सावधगिरीची इथेही गरज असते.

गंजाचे स्वतःचे गणितही आहे. लोखंडाचा गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली बारीक फट तो भरून काढतो आणि नट-बोल्ट एकमेकांत पाचर मारल्यासारखे रुततात. शिवाय पिळाला तोंड देण्याची बोल्टची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. १० मि.मी.च्या तुलनेत ८ मि.मी.चा बोल्ट निम्म्या पिळातच तुटू शकतो. पान्याची लांबी वाढवणे हा म्हणूनच उपाय नव्हे.

मोडलाच तर काय करावे? आत झिरपणारे तेल सोडून एक-दोन दिवस थांबावे. भोवतालचा भाग तापवावा आणि थंड होऊ द्यावा. धातू प्रसरण-आकुंचन पावताना गंजाची पकड सुटते. तुकडा थोडा वर आला असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करावे. वेल्डिंगच्या उष्णतेनेच अर्धे काम होते. तुकडा भोकाच्या आत मोडला असेल तर नेमका मध्य काढून डाव्या फिरकीच्या ड्रिलने भोक पाडावे. कधीकधी तुकडा त्याच ड्रिलबरोबर फिरून बाहेर येतो. उलट्या आट्यांचा 'एक्स्ट्रॅक्टर' मात्र जपून वापरावा. तो कडक पोलादाचा आणि म्हणून ठिसूळ असतो, आणि तो भोकात मोडला तर साध्या ड्रिलने कापलाच जात नाही. सगळे उपाय थकले तर भोक मोठे करून, नवे आटे पाडून त्यात तारेच्या वेटोळ्याचा 'हेलिकॉइल' बसवावा लागतो. त्यामुळे मूळ मापाचा बोल्ट पुन्हा वापरता येतो, पण ब्लॉकमधील मूळ आटे गेलेले असतात.

या सर्वांआधी करायचे काम दहा मिनिटांचे आहे. आटे मोजण्याची दातेरी पट्टी शेजारच्या शाबूत बोल्टला लावून पाहावी. १९४८ साली ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा समान आटा मान्य केला आणि पुढे इंग्लिश मोटारीही त्या मापावर गेल्या. पण टीडी ऐन या संधिकालातली. एकाच गाडीत इंजिनाला मेट्रिक, तर सांगाड्याला इंचाचे आटे सापडतात. अशा गाड्या दुरुस्त करणाऱ्यांसाठी ८ मि.मी. आट्यांचे आणि व्हिटवर्थ डोक्यांचे नवे बोल्ट आजही बनवले जातात.