१८५७चा उपवास: पाप नेमकं कुणाचं?

१८५७ म्हटलं की आपल्याला मीरत, दिल्ली, कानपूर, झाशी आठवतं. उपवास काही आठवत नाही. पण त्या वर्षी ७ ऑक्टोबरला, बुधवारी, इंग्लंडमध्ये सरकारी उपवास पाळला गेला आणि त्याचं कारण होतं हिंदुस्थानातलं बंड. राणी व्हिक्टोरियाच्या जाहीरनाम्याने दिवस ठरला. कामधंदा बंद ठेवायचा, चर्चमध्ये जमायचं, राष्ट्राच्या पापांची क्षमा मागायची आणि बंड मोडायला देवाची मदत मागायची.

आपल्याकडे एकादशी किंवा चतुर्थी माणूस स्वतः धरतो. इथे उपवास राज्यसत्तेने सांगितलेला होता. त्यामागची कल्पना बायबलमधली आहे: देव जसा एकेका माणसाचा न्याय करतो, तसाच राष्ट्रांचाही करतो. योनाच्या पुस्तकात निनवेचा राजा माणसांना आणि जनावरांनाही उपवास करायला लावतो, आणि शहरावरचं संकट टळतं. साथ, दुष्काळ, युद्ध आलं की इंग्लंडचे राज्यकर्ते हाच मार्ग धरत. १८३२ला कॉलरासाठी, १८४७ला आयर्लंडच्या दुष्काळासाठी असे दिवस पाळले गेले होते.

सगळ्यांना हे पटत होतं असं मात्र नाही. राजसत्तेने उपवास फर्मावावा हेच प्रस्थापित चर्चबाहेरच्या अनेक ख्रिस्ती पंथीयांना मान्य नव्हतं. माणसाच्या आणि देवाच्या मध्ये सरकार कशाला, असा त्यांचा सवाल. खुद्द सरकारातही शंका होती. १८५३ला कॉलरा पुन्हा आला, तेव्हा एडिंबरोच्या धर्मगुरूंनी राष्ट्रीय उपवासाबद्दल विचारणा केली. गृहमंत्री पामरस्टनने उत्तर पाठवलं त्याचा मथितार्थ असा: आधी गरिबांच्या वस्त्या साफ करा; हातपाय न हलवता केलेल्या प्रार्थनेने रोग जायचा नाही. चारच वर्षांनी हाच पामरस्टन पंतप्रधान होता आणि बंडासाठी उपवास जाहीर झाला.

इथे मला माझा प्रश्न सापडला. कॉलऱ्याच्या वेळी त्याने कारणांकडे बोट दाखवलं: घाण, गटारं, दाटीवाटी. मग बंडाच्या वेळी ‘राष्ट्राचं पाप’ ही भाषा का चालली? एक शक्यता अशी की पाप सगळ्यांचं म्हटलं, की कंपनीच्या कारभाराचा हिशोब कुणा एकाला द्यावा लागत नाही. पण त्या दिवशीची प्रवचनं वाचायला घेतली आणि हे उत्तर अपुरं वाटू लागलं. सरकारने ‘पाप’ हा शब्द मोघम ठेवला होता. प्रत्येक प्रवचनकाराने त्यात आपापला मजकूर भरला.

कुणी अफूच्या व्यापारावर बोट ठेवलं. चीनशी दुसरं अफूयुद्ध तेव्हा चालूच होतं. कुणी कंपनीने देवळांना दिलेला आश्रय हे पाप ठरवलं, तर कुणी हिंदुस्थानात ख्रिस्ती धर्म पसरवण्यात केलेली हयगय. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये तेवीस वर्षांच्या चार्ल्स स्पर्जनने २३,६५४ लोकांसमोर प्रवचन दिलं. त्याने इंग्लंडमधल्या पापांवर कोरडे ओढले, पण बंडखोर शिपायांना कठोर शिक्षा व्हावी असंही सांगितलं. पश्चात्ताप आणि सूड एकाच प्रवचनात! आज वाचताना ही विसंगती खटकते. मात्र कानपूरच्या बिबीघरातल्या हत्यांची बातमी त्या श्रोत्यांपर्यंत पोहोचली होती, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. ७ ऑक्टोबरला दिल्ली इंग्रजांच्या हाती येऊन दोन आठवडे उलटले होते. ती बातमी लंडनला पोहोचली ऑक्टोबरच्या अखेरीस. म्हणजे ‘दिल्ली परत मिळू दे’ म्हणून लोक प्रार्थना करत होते, तेव्हा दिल्लीत इंग्रज फौजेची लूट आणि कत्तल होऊन गेली होती. रिसर्चला सुरुवात करणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी: कागदावरची तारीख बघायची आणि लिहिणाऱ्याला त्या तारखेपर्यंत काय कळलं होतं तेही बघायचं. नाहीतर आपल्याला माहीत असलेला शेवट आपण नकळत त्याच्या डोक्यात घालतो.

पुढे काय झालं? १८५८ला कंपनीची सत्ता गेली. म्हणजे पाप सगळ्या राष्ट्राचं ठरलं तरी शिक्षा एका संस्थेला झाली. आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरच्या जाहीरनाम्यात राणीने सांगितलं की आपल्या धर्मश्रद्धा प्रजेवर लादण्याचा हक्कही नको, इच्छाही नाही. ‘धर्मप्रसारात हयगय केली’ म्हणून वर्षभरापूर्वी छाती पिटणाऱ्यांना हवं होतं त्याच्या हे जवळजवळ उलट होतं. प्रवचनांवरून थेट धोरणाचा निष्कर्ष काढू नये, तो यासाठी.

बायबलमध्येच यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उपवासाची कसोटी दिली आहे: अन्यायाची बेडी तोडली का, भुकेल्याला जेवू घातलं का? त्या बुधवारची प्रवचनं मी आता ही कसोटी हातात धरून वाचतोय. पापांच्या प्रत्येक यादीपुढे दोन रकाने केलेत: कुणाचं नाव घेतलं, आणि कुणाचं टाळलं. दुसरा रकाना भरायला जास्त वेळ लागतो, कारण त्यासाठी अख्खं प्रवचन वाचावं लागतं.