आडवे शब्द, उभे शब्द

'पुस्तक' हा शब्द आडवा मांडा. घरे तीन: पु, स्त, क. आता मधल्या घरातून एक उभा शब्द न्यायचा आहे. चटकन सुचतो तो 'रस्ता'. पण तो बसत नाही, कारण त्यात 'स्ता' आहे आणि आपल्याला 'स्त' हवा आहे. 'वस्ती', 'पिस्ता', 'दोस्ती' हेही त्याच कारणाने बाद. 'शिस्त' चालेल, 'गस्त' चालेल, 'मस्तक' तर छानच बसेल. इंग्रजी कोडे रचणाऱ्याला ही पंचाईत नसते. त्याची 26 अक्षरे सुटीसुटी असतात, एका घरात एक. मराठीत एका घरात व्यंजन, त्याची काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर असेल तर सगळेच एकत्र येते. नुसत्या बाराखडीचीच रूपे 400च्या आसपास भरतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यात 'ळ' आणि 'ण' यांनी मराठीत शब्द सुरू होत नाही. म्हणजे आडव्या 'कपाळ'मधल्या 'ळ'खालून नवा उभा शब्द निघूच शकत नाही. त्या 'ळ'च्या डोक्यावर एक घर ठेवावे लागते; तिथे 'ह' घातला आणि खाली 'द' मिळाला तर 'हळद' जमते.

रोजच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जे शब्दकोडे आपण चहाबरोबर सोडवतो, ते असे जुळवलेले असते. त्याचा जन्म मराठीतला नाही. पण मराठीत आल्यावर ते मूळच्यापेक्षा वेगळे झाले, आणि मधल्या काळात पैशाच्या एका वेडातून ते जेमतेम बचावले.

चौकटीत अक्षरे अशी मांडायची की ती आडवी-उभी दोन्हीकडून वाचता यावीत, ही हौस फार जुनी आहे. इसवी सन 79मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात भिंतीवर कोरलेला पाच शब्दांचा एक लॅटिन चौकोन सापडला आहे. तो कुठूनही वाचला तरी तेच शब्द मिळतात. आपल्याकडे भारवीने 'किरातार्जुनीया'च्या 15व्या सर्गात 'सर्वतोभद्र' नावाचा श्लोकबंध घातला. 32 अक्षरांचे चार चरण एकाखाली एक लिहिले की ते डावीकडून, उजवीकडून आणि उभेही वाचता येतात. माघाने 'शिशुपालवधा'त तीच कसरत केली. मला यात मोलाचे वाटते ते असे, की या बंधाचे घर म्हणजे पूर्ण अक्षर, काना-मात्रेसकट. आजच्या मराठी कोड्याचे घर नेमके तेच आहे. मोरोपंतांनी ओठ न लावता उच्चारता येणाऱ्या अक्षरांचे 'निरोष्ठ रामायण' लिहिले तेही याच हौसेपोटी. तरी भारवी किंवा मोरोपंत हे शब्दकोड्याचे पूर्वज म्हणणे मला पटत नाही. नाते भाऊबंदकीचे आहे, वंशावळ दुसरीकडून येते.

ती येते न्यूयॉर्कहून. मूळचे लिव्हरपूलचे आर्थर विन हे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकात 'फन' ही रविवारची पुरवणी पाहत. 21 डिसेंबर 1913च्या अंकात त्यांनी 'वर्ड-क्रॉस' नावाचे कोडे दिले. आकार शंकरपाळ्यासारखा, मध्ये पोकळ, काळे घर एकही नाही. थोड्याच आठवड्यांत छपाईत शब्दांची उलटापालट झाली आणि 'क्रॉस-वर्ड' हे नाव कायमचे चिकटले. दहा वर्षे ते वर्तमानपत्रांतच रमले होते. 1924मध्ये सायमन आणि शुस्टर या नव्या प्रकाशकांनी कोड्यांचे पहिले पुस्तक काढले, सोबत एक पेन्सिल दिली, आणि अमेरिकेत त्याचे खूळ पसरले. लंडनच्या 'टाइम्स'ने बराच काळ नाक मुरडले, पण 1 फेब्रुवारी 1930ला त्यानेही कोडे छापले.

हिंदुस्थानात कोडे इंग्रजी पत्रांबरोबर आले. मुंबईच्या 'इलस्ट्रेटेड वीकली'ची बक्षिसाची कोडी घरोघर माहीत होती. आणि इथेच कोड्याची वाट वाकडी झाली.

बक्षिसी कोडे कसे चाले ते नीट पाहण्यासारखे आहे. प्रवेशपत्रिकेसोबत फी भरायची. एका पत्रिकेवर एकच उत्तर, म्हणून लोक एकाच आठवड्यात अनेक पत्रिका भरत. सूत्र मुद्दाम असे दिलेले असे की दोन-तीन शब्द सारखेच लागू पडावेत. समजा सूत्र आहे, 'याने माणूस सुखावतो'. पहिले घर मोकळे, दुसऱ्यात 'न' आधीच छापलेला. मग 'मान' म्हणावे, 'दान' म्हणावे की 'पान'? तिन्हींचे समर्थन करता येते. बरोबर कोणते, हे संयोजकाच्या मोहोरबंद पाकिटात. सर्व बरोबर असणाऱ्याला मोठे बक्षीस, एक चूक किंवा दोन चुका असतील तर त्याखालचे. अशी दहा घरे असली आणि प्रत्येकात दोनच पर्याय धरले तरी 1,024 वेगवेगळी उत्तरे होतात. तेवढ्या पत्रिका भरल्या तरच खात्री. शब्दज्ञान इथे कामाचे राहत नाही. म्हणूनच मी या प्रकाराला शब्दकोडे मानायला तयार नाही. तो आकड्यांऐवजी अक्षरांवर लावलेला सट्टा होता.

सरकारचे लक्ष लवकरच गेले. मुंबई इलाख्यात 1939मध्येच बक्षीस स्पर्धांवर कर बसवणारा कायदा झाला, 1948मध्ये लॉटरी आणि बक्षीस स्पर्धा यांचा एकत्र कायदा आला. मग स्पर्धा चालवणारे हद्दीबाहेर गेले. आर. एम. डी. चमारबागवाला यांची कोडी बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रात छापली जात, पण प्रवेशपत्रिका आणि फी मुंबई राज्यातून गोळा होत. राज्याने 1952मध्ये कायदा दुरुस्त करून बाहेरून येणाऱ्या पत्रांनाही कर लावला. चमारबागवाला न्यायालयात गेले. दरम्यान 1955मध्ये केंद्राचा कायदा आला. त्याने महिन्याला एकूण 1,000 रुपयांपेक्षा जास्त बक्षिसाच्या स्पर्धांना बंदी घातली आणि प्रवेशपत्रिकांवरही 2,000ची मर्यादा घातली. बक्षीस स्पर्धा म्हणजे काय हे सांगताना या कायद्यात सर्वांत आधी नाव येते ते शब्दकोड्याचे.

9 एप्रिल 1957ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्ताची आणि महाभारतातल्या द्यूताची आठवण काढली आणि जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असे ठरवले. त्याच दिवशी दिलेल्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने असेही म्हटले की ज्या स्पर्धांत कौशल्याचा भाग मोठा आहे त्यांना 1955चा कायदा लागू नाही. कौशल्य आणि नशीब यांच्यामधली ही रेघ पुढे रमीच्या खटल्यात आली, मोबाइलवरच्या क्रिकेट संघांच्या खेळांपर्यंत आली. आजही अशा खटल्यांत वकील चमारबागवालांचे नाव घेतात.

फी आणि लाखमोलाचे आमिष गेल्यावर कोडे मरेल असे अनेकांना वाटले असेल. उलट ते निरोगी झाले. 'कालनिर्णय' 1973मध्ये काढण्याआधी जयंत साळगावकर शब्दकोडी रचत. दिनदर्शिकेच्या प्रत्येक घरात तिथी, सण, नक्षत्र नेमके बसवणाऱ्या माणसाचा हात आधी कोड्यांच्या घरांवर बसलेला होता, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

दैनिकातल्या बिनपैशाच्या कोड्याने मराठीसाठी एक मोठे काम केले, त्याची नोंद फारशी कोणी घेत नाही. रचणाऱ्याला दोन-तीन अक्षरांचे शब्द सतत लागतात, म्हणून तो कोशात खोल उतरतो. 'रद' म्हणजे दात, 'नग' म्हणजे डोंगर, 'रव' म्हणजे आवाज, 'रजक' म्हणजे धोबी, 'अनल' अग्नी आणि 'अनिल' वारा. बोलण्यातून गेलेले हे शब्द हजारो लोकांना माहीत आहेत ते केवळ कोड्यामुळे. आणि ऱ्हस्व-दीर्घाची शिस्त कोड्याइतकी कडक कोणीच लावत नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांना 1962मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि 'कवि', 'रवि' हे 'कवी', 'रवी' झाले. निबंधात चूक झाली तर एखादा गुण जातो. कोड्यात 'वि'च्या जागी 'वी' आला की त्या घरातून जाणारा दुसरा शब्दच बदलतो.

कोणत्याही सार्वजनिक वाचनालयात सकाळी जाऊन पाहा. मुक्तद्वार विभागात लाकडी उतरत्या मेजावर पेपर लावलेले असतात, आणि कोड्यावर पेनाने लिहू नये अशी विनंती असूनही निम्मी घरे कोणीतरी भरलेली असतात.

"अहो, तीन अक्षरी, वारा. मधे न आहे."

"अनिल की! त्यात काय."

"मग उभा सहा चुकला वाटतं. तिथे कुणी अनल धरलाय."

टीव्हीवर किंवा फोनवर एकट्याने वेळ घालवता येतो. कोडे मात्र मराठी माणूस बहुतेक वेळा दुसऱ्याला विचारून सोडवतो.

आता कोडी संगणकावर तयार होतात. संगणकाच्या हिशेबात 'स्त' म्हणजे स, हलन्त आणि त अशी तीन चिन्हे. त्यांना एका घरात एकत्र धरायला शिकवले नाही तर पुस्तकाचे तुकडे पडतात, आणि इंग्रजीवरून उचललेल्या काही मोबाइल खेळांत ते पडलेले दिसतातही. मराठी कोडे रचायला अजून अक्षर जाणणारे माणूसच लागते.

म्हणून संपादकांना एक विनंती. व्यंगचित्राखाली सही असते, राशिभविष्यालाही नाव असते. शब्दकोडे बहुतेक ठिकाणी निनावी छापले जाते. ज्याने रोज शंभर-सव्वाशे घरे काना-मात्रेसकट जुळवली, त्याचे किंवा तिचे नाव कोड्याखाली छापा. आणि वाचकांनो, एखादे कोडे फार आवडले तर त्या वर्तमानपत्राला दोन ओळी लिहून हे नाव मागा.