रिलीफ पिचरची पारख : आकड्यांनी की डोळ्यांनी?

४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरांटोच्या मैदानावर बाल्टिमोर ओरिओल्स आणि टोरांटो ब्लू जेज यांच्यात बाद फेरीचा एकच सामना होता. हरणाऱ्याचा मोसम तेथेच संपणार होता. अकराव्या इनिंगमध्ये २-२ अशी बरोबरी असताना बाल्टिमोरने उबाल्डो हिमेनेझच्या हाती चेंडू सोपविला. एडविन एन्कार्नासिओनने त्याला तीन धावांचा होमरन ठोकला आणि टोरांटोने सामना ५-२ असा जिंकला. त्या वेळी बाल्टिमोरच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर जेथे हात मोकळा करतात त्या जागेत, झॅक ब्रिटन थांबून होता. त्या मोसमात ६७ इनिंगमध्ये, क्षेत्ररक्षणातील चुका वगळता, त्याने अवघ्या चार धावा दिल्या होत्या आणि 'सेव्ह'च्या ४७ पैकी ४७ संधी साधल्या होत्या. व्यवस्थापक बक शोवॉल्टर यांनी त्याला उतरविलेच नाही. पाहुण्या संघाने आपला हुकमी पिचर आघाडी मिळेपर्यंत राखून ठेवावा, असा बेसबॉलमधील रूढ संकेत आहे. ती आघाडी त्या रात्री आलीच नाही.

हा संकेत एका आकड्यातून जन्माला आला. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी रिलीफ पिचर येतो. एकदा बाहेर पडलेला पिचर त्या सामन्यात परतू शकत नाही; त्यामुळे कोणाला केव्हा आणायचे, हा निर्णय क्रिकेटमधील गोलंदाजीच्या बदलाहून कितीतरी अधिक जोखमीचा असतो. १९५९ मध्ये पिट्सबर्गचा रॉय फेस या रिलीफ पिचरने १८ विजय आणि एकच पराभव अशी थक्क करणारी नोंद केली. परंतु यातील कित्येक विजय त्याने आधी आघाडी घालविल्यानंतर सहकाऱ्यांच्या फलंदाजीने त्याच्या पदरात टाकले होते. शिकागोचे क्रीडा पत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना हे खटकले. आघाडी राखणाऱ्याचे श्रेय स्वतंत्रपणे मोजावे म्हणून त्यांनी 'सेव्ह'ची कल्पना मांडली आणि १९६९ मध्ये ती अधिकृत झाली. सामने पाहणाऱ्या माणसाने आकड्यातील अन्याय दूर करण्यासाठी नवा आकडा शोधला, असा हा प्रकार आहे.

पुढे मात्र या आकड्यानेच खेळाला वळण लावले. नियमाची पोटकलमे सोडली तर संघ जास्तीत जास्त तीन धावांनी पुढे असताना शेवटची पूर्ण इनिंग टाकून सामना संपविला, की सेव्ह मिळते. तीन धावांची आघाडी घेऊन नवव्या इनिंगमध्ये उतरणारे संघ शंभरातील पंचाण्णवहून अधिक सामने जिंकतात. म्हणजे हे काम वाटते तितके अवघड नाही. सातव्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर खेळाडू उभे असताना एका धावेची आघाडी वाचविणे याहून कठीण. सत्तरच्या दशकात रिच गॉसेजसारखे पिचर नेमके अशाच वेळी येत आणि दोन-दोन, तीन-तीन इनिंग टाकत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ओकलंडमध्ये टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला बहुतांशी नवव्या इनिंगसाठी राखले. १९९२ मध्ये एकर्स्लीने ५१ सेव्ह केल्या आणि सर्वोत्तम पिचर व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब पटकावले. बाकीच्या संघांनी तीच घडी गिरविली.

सेव्ह बाजूला ठेवून धावांच्या सरासरीवर भिस्त ठेवावी, तर तीही फसवी. आधीच्या पिचरने बेसवर सोडलेले खेळाडू धावून आले तरी त्या धावा आधीच्याच्या नावे लागतात. नवागत कोरा राहतो. शिवाय रिलीफ पिचर मोसमभरात ६०-७० इनिंगच टाकतो. साठ इनिंगमध्ये २० धावा दिल्या तर सरासरी ३.०० येते. त्यात एकही फलंदाज बाद न करता चार-चार धावा देणारे दोन वाईट दिवस मिळवा, ती थेट ४.२० होते. वोरोस मॅकक्रॅकन यांनी २००१ मध्ये आणखी एक मुद्दा पुढे आणला : मैदानात टोलविलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो की मोकळ्या जागेत पडतो, यावर पिचरचा ताबा फार थोडा असतो. त्याची खरी ओळख स्ट्राइकआउट, फुकट दिलेले बेस आणि होमरन यांतून पटते.

ब्रॅड लिजची कारकीर्द या संदर्भात मुळातून पाहण्यासारखी आहे. १७ ऑक्टोबर २००५ रोजी ह्युस्टन संघ आपल्या पहिल्या वर्ल्ड सिरीजपासून एक बळी दूर होता. अल्बर्ट पुहोल्सने लिजला प्रचंड होमरन ठोकला आणि तो सामना सेंट लुईसने जिंकला. ह्युस्टनने पुढचा सामना जिंकून वर्ल्ड सिरीज गाठली, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही. लिज मनाने खचला, हा निष्कर्ष तेवढा राहिला. २००६ मध्ये त्याची सरासरी ५.२८ झाली आणि लोकांना पुरावाच सापडला. त्याच मोसमात त्याने ७५ इनिंगमध्ये १०४ स्ट्राइकआउट केले होते, तिकडे थोड्यांनीच पाहिले. २००८ मध्ये फिलाडेल्फियाकडून मोसमातील ४१ पैकी ४१ आणि बाद फेरीतील सातही संधी साधून त्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

येथे आकडेवाल्यांची सरशी झाली असे वाटते न वाटते, तोच २००९ उजाडले. गुडघ्याच्या दुखापतीने त्या वर्षी लिजला मोसमाच्या मध्यावर बाहेर बसविले. सरासरी ७.२१, घालविलेल्या संधी ११ आणि तरीही सेव्ह ३१! नुसता सेव्हचा रकाना वाचणाऱ्याला हा पिचर बरा चालला आहे असेच वाटले असते. खेळ पाहणाऱ्याला तसे वाटणे शक्य नव्हते.

२०१५ पासून प्रमुख लीगच्या सर्व मैदानांवर 'स्टॅटकास्ट' ही यंत्रणा आली आणि चेंडूचा वेग, फिरकी, टोल्याचा जोर हे सारे मोजले जाऊ लागले. जुने पारखी डोळ्यांनी जे टिपत, त्याचेच आता आकडे झाले. ब्रिटन थांबून राहिला त्याच ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलंडचे टेरी फ्रँकोना अँड्र्यू मिलरला पाचव्या-सहाव्या इनिंगमध्येही उतरवीत होते आणि अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत मिलर सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पगाराच्या वाटाघाटींत मात्र सेव्हचे वजन टिकून होते. न्यूयॉर्क यांकीजच्या डेलिन बेटान्सेसने २०१६ मध्ये ७३ इनिंगमध्ये १२६ स्ट्राइकआउट केले, पण सेव्ह १२ च होत्या, कारण संघ त्याला बहुधा नवव्याआधीच्या इनिंगमध्ये उतरवीत असे. फेब्रुवारी २०१७ मध्ये वाद लवादापुढे गेला, तेव्हा हा क्लोझर नव्हे, असा युक्तिवाद संघानेच केला. बेटान्सेसची मागणी ५० लाख डॉलरची होती. लवादाने ३० लाख मंजूर केले.