मोटर भरणे
पाणी उपसणाऱ्या विजेच्या मोटरीचे जळालेले वायंडिंग काढून नवी तांब्याची तार घालणे. उजनी धरणाच्या काठी, करमाळ्यापासून इंदापूरपर्यंत, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. उन्हाळ्यात धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेले की पाणी मागे सरकते आणि केत्तूर, कुगावकडचे शेतकरी मोटर, पाइप, केबल घेऊन त्याच्या मागे जातात. केबल लांबली की मोटरीपर्यंत व्होल्टेज कमी पोचते, मोटर जास्त अँपिअर ओढते आणि तापते. त्यातच एक फेज गेला, तर उरलेल्या दोन फेजांवर सुमारे पावणेदोन पट करंट चढतो. ऐन केळी वाळताना मोटर जळते ती अशी.

किती वेळा भरल्यावर मोटर मोडीत काढावी, याला आकडा नाही. काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरणारे नेमबाजसुद्धा नुसती मोजणी करत नाहीत. तोंडाची चीर आणि बुडाजवळचे चकचकीत कडे पाहतात. मोटरीत पाहायचा तो रिकामा स्टेटर. त्याच्या दातांवरून बोट फिरवावे. स्टॅम्पिंगचे पत्रे उमललेले, वितळून एकमेकांना चिकटलेले किंवा गंजाने पोखरलेले असतील, तर तार कितीही चांगली घातली तरी कोअर तापणारच. आतल्या बाजूला घासल्याचा चकाकता पट्टा दिसला, तर बुश झिजून रोटर टेकतो आहे. बुश बदलता येतो. खोल खरवडलेला स्टेटर मात्र पूर्ववत होत नाही.

व्हार्निशच्या मोनोब्लॉक मोटरीत जुनी तार भट्टीत जाळून काढतात. घाईची, बेसुमार आच पत्र्यांमधला इन्सुलेशनचा पातळ थर खाते. म्हणून आच सांभाळणारा कारागीर शोधावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. भरून आलेली मोटर बिनलोडची चालवून तिन्ही फेजांचे अँपिअर पाहावेत. ते सारखे असूनही नेहमीपेक्षा बरेच जास्त भरले, तर आधी तारेचे वेढे कमी पडले आहेत का ते पाहावे; ते बरोबर असतील, तर दोष कोअरचा असू शकतो. कोअर बिघडलेल्या मोटरीवर पुन्हा तांबे घालू नये, ती मोडीत द्यावी.

मोटरीजवळ पाण्यात झिणझिण्या जाणवल्या, तर आधी बाहेर यावे. स्टार्टर बंद करून फ्यूज काढल्याशिवाय पुन्हा कोणीही पाण्यात उतरू नये.