ब्रेक्झिटचा कौल आणि जुन्या साम्राज्यातली माणसे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. बाहेर पडण्याच्या बाजूने १ कोटी ७४ लाख मते पडली, राहण्याच्या बाजूने १ कोटी ६१ लाख. टक्केवारीत सांगायचे तर ५१.९ विरुद्ध ४८.१. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी पायउतार होणार असल्याचे जाहीर केले आणि पौंड १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला. आपल्याकडे त्या आठवड्यात चर्चा झाली ती मुख्यतः शेअर बाजाराची आणि आपल्या उद्योगपतींच्या तिथल्या कारखान्यांची.

ब्रिटिश जनतेच्या प्रतिक्रिया मात्र चमत्कारिक वाटाव्यात इतक्या परस्परविरोधी होत्या. पुन्हा मतदान घ्यावे अशी मागणी करणाऱ्या अर्जावर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. गंमत अशी, की हा अर्ज मतदानापूर्वीच बाहेर पडण्याच्या एका समर्थकाने केला होता. आपली बाजू हरेल, या धास्तीने! २ जुलैला लंडनमध्ये हजारो लोकांनी मोर्चा काढला. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी राहण्याला मत दिले होते, त्यामुळे तिथे स्वातंत्र्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. उत्तर आयर्लंडमधल्या काही टपाल कचेऱ्यांत आयरिश पासपोर्टचे अर्ज संपले. युरोपच्या पैशांवर रस्ते आणि संस्था उभ्या राहिलेल्या कॉर्नवॉलने बाहेर पडण्याला ५६.५ टक्के मते दिली आणि निकाल लागताच त्याच कॉर्नवॉलच्या कौन्सिलने, तो निधी बंद पडणार नाही याची हमी सरकारकडे मागितली.

या सगळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तरुण विरुद्ध वृद्ध, शहर विरुद्ध गाव, पदवीधर विरुद्ध कामगार अशा जोड्या लावून निकालाचा अर्थ सांगितला गेला. ते चुकीचे नाही. परंतु या जोड्यांत एक माणूस कुठेच बसत नाही. तो म्हणजे ब्रॅडफर्ड, ल्यूटन, लेस्टर किंवा लंडनच्या पूर्व भागात दोन-तीन पिढ्या राहणारा, जुन्या साम्राज्यातून आलेला माणूस. मीरपूरचा, सिल्हेटचा, गुजरातचा, कोकणचा. त्याची प्रतिक्रिया समजून घ्यायची तर २०१६ सालापासून सुरुवात करून चालत नाही.

प्रथम मताधिकाराचीच गोष्ट पाहू. या मतदानात ब्रिटिश नागरिकांबरोबर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आयरिश आणि राष्ट्रकुलातील देशांच्या नागरिकांनाही मत होते. म्हणजे भारतीय, पाकिस्तानी किंवा बांगलादेशी पासपोर्टवर तिथे कायदेशीर राहणारा माणूस मत देऊ शकत होता. उलट, बारा वर्षे तिथे कर भरणाऱ्या पोलिश गवंड्याला किंवा इटालियन नर्सला मत नव्हते. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय होत होता त्या तीस लाखांहून अधिक युरोपीयांपैकी बहुतेकांना त्या निर्णयात आवाज नव्हता, आणि साम्राज्याच्या जुन्या प्रजेच्या वारसांना तो होता. साम्राज्य मावळले तरी त्याचे काही कायदे उरले होते, त्यांतलाच हा एक.

ही प्रजा तिथे पोहोचली कशी? आगबोटींच्या काळात मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी जाती-धर्माने आणि मुलुखाने ठरलेली असे. डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे मुसलमान खलाशी, बॉयलरपाशी पंजाबी आणि पठाण आगवाले, आणि जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. सारंग आणि तांडेल हे शब्द आमच्या किनाऱ्यावरच्या घराघरांत आजही आडनावांसारखे ऐकू येतात. हे खलाशी राजाचे प्रजाजन होते. परंतु १९२५ साली ब्रिटिश सरकारने काळ्या वर्णाच्या परकीय खलाशांसाठी एक आदेश काढला आणि त्याची झळ या प्रजाजनांनाही लागली. आपण ब्रिटिश प्रजा आहोत याचा कागद दाखवता आला नाही, तर बंदरातला पोलीस त्यांची नोंद ‘परका’ म्हणून करी. बोटीवर कोळसा लोटणाऱ्या माणसाजवळ असा कागद असणार कुठून?

१९४८ च्या नागरिकत्व कायद्याने मात्र दार खरोखर उघडले. राष्ट्रकुलातील नागरिकाला ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क होता. महायुद्धानंतर गिरण्या, ओतशाळा आणि रेल्वे यांना माणसे हवी होती. पाकिस्तानात मंगला धरणाने मीरपूर भागातली सुमारे एक लाख माणसे उठवली आणि त्यांतले पुष्कळजण ब्रॅडफर्ड आणि बर्मिंगहॅमला गेले. कापडगिरण्यांतली रात्रपाळी त्यांच्याच वाट्याला आली. पण १९६२ च्या कायद्याने येणाऱ्यांवर परवान्याचे बंधन घातले. १९६८ साली केनियातील आशियाई लोक ब्रिटिश पासपोर्ट घेऊन येऊ लागले, तेव्हा संसदेने तीन दिवसांत कायदा संमत करून त्यांना अडवले. पासपोर्ट ब्रिटिश असून उपयोग नव्हता, आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचे नाते ब्रिटनच्या भूमीशी असायला हवे होते. हे सरकार मजूर पक्षाचे होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून आशियाईंना हाकलले तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे येऊ नका!

आता एक तारीख पाहू. १९७१ साली संमत झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्याने राष्ट्रकुलातील सामान्य माणसाचा ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा उरलासुरला हक्कही संपवला. हा कायदा अमलात आला १ जानेवारी १९७३ रोजी. आणि ब्रिटन युरोपच्या सामायिक बाजारपेठेत सामील झाले तेही १ जानेवारी १९७३ रोजी. एकाच सकाळी मीरपूरच्या माणसासाठी दार लागले आणि मिलानच्या माणसासाठी ते उघडले. यात कुणाचा कट होता असे मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी आपापल्या वाटेने आल्या होत्या. फ्रान्सच्या द गॉलने १९६३ आणि १९६७ असा दोनदा नकार दिल्यामुळे युरोपप्रवेश लांबला होता, एवढेच. पण ज्याचे भाऊ-पुतणे बाहेर राहिले त्याच्या दृष्टीने या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्या नाहीत. १९७५ साली युरोपात राहावे की नाही यावर पहिले सार्वमत झाले, ६७ टक्के लोकांनी ‘राहावे’ असे म्हटले, आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

मे २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले. त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार मोकळे ठेवणारे देश तीनच होते: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. वर्षाला फार तर तेरा हजार माणसे येतील असा सरकारने मागवलेला अंदाज होता. प्रत्यक्षात लाखो आले. याच काळात सिल्हेटहून एक आचारी आणायचा तर पगाराची किमान अट, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाचे शुल्क अशा अटी वाढत गेल्या. ब्रिटनमधली बहुतेक ‘इंडियन’ हॉटेले सिल्हेटच्या बांगलादेशी मुसलमानांची आहेत. त्यांची मुले शिकून दुसऱ्या व्यवसायांत गेली होती आणि तंदूरवर उभा राहणारा माणूस मिळेनासा झाला होता.

२०१६ च्या प्रचाराने नेमकी हीच ठसठस हेरली. युगांडातून आलेल्या गुजराती आईबापांच्या कन्या आणि तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी करी हॉटेले वाचवायची तर युरोपातून बाहेर पडा, असा प्रचार केला. युरोपीयांची गर्दी थांबली की राष्ट्रकुलातल्या आचाऱ्यांना वाट मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद. बांगलादेशी हॉटेलमालकांच्या संघटनेच्या नेत्यांनी तो उचलून धरला. त्यांना भोळे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या मागणीत न्यायाचा अंश होता. पोलंडच्या माणसाला जे विनासायास मिळते ते आमच्या मामेभावाला का नाही, हा प्रश्न गैरलागू नव्हता. चूक होती ती उत्तर कुणाकडे मागितले यात.

कारण त्याच प्रचाराचा दुसरा चेहरा उघड मुस्लिमविरोधी होता. तुर्कस्तान संघात येणार आणि ७ कोटी ६० लाख तुर्कांना ब्रिटनचे दार उघडणार, अशी भीती भित्तिपत्रकांवरून घातली गेली. वस्तुतः तुर्कस्तानच्या प्रवेशाची बोलणी वर्षानुवर्षे रखडलेली होती. या बाजूचे सर्वांत लोकप्रिय नेते बोरिस जॉन्सन यांचे पणजोबा अली कमाल हे तुर्की पत्रकार, १९२२ साली इझमितमध्ये जमावाकडून मारले गेलेले. घराण्याचा इतिहास प्रचारात आड येत नाही! मतदानाच्या आठवडाभर आधी, १६ जूनला, युकिप पक्षाने ‘ब्रेकिंग पॉइंट’ असा मथळा असलेले चित्र लावले. त्यात दिसणारी रांग होती निर्वासितांची, क्रोएशिया आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवरची, २०१५ सालची. यांतल्या कुणालाही युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क नव्हता. त्याच दिवशी दुपारी यॉर्कशरमध्ये खासदार जो कॉक्स यांचा खून झाला. सीरियाच्या निर्वासितांसाठी त्या बोलत असत, आणि त्यांच्या बॅटली मतदारसंघात गुजराती मुसलमानांची मोठी वस्ती आहे. चार दिवसांनी सईदा वारसी या हुजूर पक्षाच्या पाकिस्तानी वंशाच्या नेत्यांनी या द्वेषाचे कारण देऊन बाहेर पडण्याची बाजू सोडली.

मुसलमानांनी अखेर मत काय दिले? लॉर्ड अॅशक्रॉफ्ट यांनी मतदानाच्या दिवशी केलेल्या पाहणीत ७० टक्के मुस्लिम मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिल्याचे आढळले. ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांत ५८ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूचे होते. तरीही दहांतले तीन म्हणजे थोडे नव्हेत. मुस्लिम वस्ती मोठी असलेल्या ब्रॅडफर्ड, ल्यूटन, स्लाव, ब्लॅकबर्न या सगळ्या ठिकाणी बहुमत बाहेर पडण्याचे झाले. मात्र शहराचा आकडा म्हणजे तिथल्या मुसलमानांचा आकडा नव्हे. बांगलादेशींचे माहेरघर असलेल्या टॉवर हॅम्लेट्समध्ये ६७ टक्क्यांहून अधिक मते राहण्याला मिळाली, आणि एकेकाळी ‘येऊ नका’ म्हणणारे लेस्टरही ५१ टक्क्यांनी त्याच बाजूला राहिले.

निकालानंतरच्या दिवसांत बारीक भेद कुणी पाहिले नाहीत. २६ जूनच्या सकाळी लंडनमधील हॅमरस्मिथच्या पोलिश सांस्कृतिक केंद्राच्या दारावर आक्षेपार्ह मजकूर रंगवलेला आढळला. याच पोलिशांचे वैमानिक १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढले होते. हंटिंग्डनमध्ये पोलिश कुटुंबांच्या दारात त्यांना किडे-कीटकांची उपमा देणारी कार्डे टाकली गेली. आणि हिजाब घातलेल्या, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या मुलींना रस्त्यात विचारले गेले: आम्ही मत दिले, तुम्ही अजून इथेच? युरोपीय संघाशी या मुलींचा काय संबंध? मुस्लिम कौन्सिल ऑफ ब्रिटनने काही दिवसांतच अशा शंभरावर घटना जमवल्या. वंश आणि धर्मावरून घडलेल्या गुन्ह्यांची जुलै २०१६ मधली संख्या आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त असल्याचे गृहखात्यानेच सांगितले. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. हॅमरस्मिथच्या त्या केंद्राच्या दारात शेजाऱ्यांनी फुलांचा आणि पत्रांचा ढीग लावला. तुम्ही आमच्याबरोबर सुरक्षित आहात, हे सांगण्यासाठी अनेकांनी कपड्यांवर साधी सेफ्टी पिन लावली. लंडनचे महापौर सादिक खान यांनी युरोपीयांना ‘तुमचे इथे स्वागत आहे’ असे जाहीरपणे सांगितले. पाकिस्तानातून आलेल्या बसचालकाच्या मुलाने हे आश्वासन पोलिश आणि फ्रेंच माणसांना द्यावे, हे १९७३ साली कुणाच्या कल्पनेतही आले नसते.

आचाऱ्यांचे पुढे काय झाले? मतानंतर वर्ष-दोन वर्षांतच हॉटेलमालक फसवणूक झाल्याची भाषा करू लागले. जानेवारी २०२१ पासून नवी गुणपद्धती आली आणि युरोपीयांचे आगमन खरोखर घटले. त्यांच्या जागी भारत, नायजेरिया, पाकिस्तान येथून विद्यार्थी आणि शुश्रूषा करणारी माणसे आली. २०२३ पर्यंतच्या एका वर्षात तर गेलेल्यांपेक्षा आलेल्यांची संख्या नऊ लाखांहून जास्त झाली. मग पुन्हा ओरड, पुन्हा निर्बंध. जुलै २०२५ मध्ये कुशल कामगारांच्या व्हिसाची पात्रता पदवीच्या पातळीवर नेण्यात आली आणि आचाऱ्याचे काम त्यातून वगळले गेले.

१ जानेवारी १९७३ ही तारीखही २०१८ मध्ये पुन्हा वर आली. त्यापूर्वी कॅरिबियन बेटांतून आणि राष्ट्रकुलाच्या इतर देशांतून कायदेशीर आलेल्या, पण कागद नसलेल्या वृद्धांना नोकरी, औषधोपचार आणि काहींना तर देशच नाकारला गेल्याचे उघड झाले. ज्यांतून त्यांच्या आगमनाचा दिवस कळला असता ती जुनी कार्डे सरकारनेच २०१० साली नष्ट केली होती. १९२५ च्या खलाशाची आठवण व्हावी असाच हा प्रकार. हे पाहून युरोपीय हबकले. त्यांनाही ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्याच्या हक्कासाठी अर्ज करायचा होता, आणि हातात मिळणार होती ती केवळ संगणकावरची नोंद.

या युरोपीयांत आपल्या किनाऱ्याचीही माणसे होती. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेल्या गोवा, दमण आणि दीवच्या लोकांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येते. ते घेऊन हजारो गोवेकर स्विंडन आणि साउथॉलला, तर दमण-दीवचे हिंदू-मुसलमान लेस्टरला जाऊन राहिले, गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागले. भारतीय पासपोर्ट सोडून पोर्तुगीज झाल्यामुळे त्यांना २०१६ साली मत नव्हते. तो पासपोर्ट तसाच ठेवून तिथे राहणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला होते. स्विंडनने ५४.७ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. निकालानंतर गोव्यात घाई उडाली, मुदतीच्या आत पोहोचणाऱ्यांची. ३१ डिसेंबर २०२० ला ती मुदत संपली. एकाच बोटीच्या डेकवर आणि जेवणघरात काम करणाऱ्यांच्या या पणतवंडांना ब्रिटनमध्ये कामाला जायचे असेल, तर आता दोघांनाही व्हिसा लागतो.