महासाथ आणि वृद्धांचे आरोग्य

महासाथ आणि वृद्धांचे आरोग्य : साथरोग देशोदेशी पसरलेला असताना साठीपुढील व्यक्तींना संसर्गापासून जपणे, त्यांचे जुने आजार आटोक्यात ठेवणे आणि त्यांची हिंडण्याफिरण्याची ताकद टिकवणे, या तीन बाबींचा यात समावेश होतो. पहिलीविषयी विपुल लिहिले गेले. तिसरी बहुतेक सूचनापत्रांत एका ओळीत आटोपते, म्हणून येथे तिला अधिक जागा दिली आहे. विवेचन मुख्यतः कोविड-१९ च्या साथीचे आणि त्यातही महाराष्ट्रातील अनुभवाचे आहे.

वय आणि धोका : प्रत्येक साथ वृद्धांनाच गाठते असे नाही. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे मोठ्या संख्येने नेली. २००९ च्या स्वाइन फ्लूचा पुण्याला जबर तडाखा बसला, पण त्या साथीत वृद्धांना तुलनेने कमी लागण झाली. तरुणपणी तत्सम विषाणूंशी आलेला संबंध त्यांच्या कामी आला असे मानले जाते. कोविडने हा क्रम उलटवला. वय वाढेल तसा मृत्यूचा धोका चढत गेला. उतारवयात छातीतील थायमस ग्रंथी आक्रसलेली असते आणि नव्या विषाणूला ओळखणाऱ्या पेशी कमी तयार होतात. त्यात मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार यांची भर पडते. धोक्यात वयाचा वाटा किती आणि सहव्याधींचा किती, याबाबत मतभेद आहेत.

लक्षणांचे वेगळेपण : वृद्धांत मोठा आजारही कमी तापावर येतो. त्यांचे नेहमीचे तापमानच कमी असल्याने १०० अंश फॅरनहाइटची नोंद तरुणात किरकोळ ठरेल, पण सत्तरीपुढे ती गांभीर्याने घ्यावी लागते. पुष्कळदा ताप व खोकला नसतोच. माणूस जेवण टाकतो, दिवसभर झोपून राहतो, तोल जाऊन पडतो किंवा असंबद्ध बोलू लागतो. अमेरिकेतील सात रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत कोविड घेऊन आलेल्या ६५ वर्षांवरील ८१७ रुग्णांच्या पाहणीत (२०२०) २८ टक्के रुग्ण संभ्रमावस्थेत आढळले, आणि त्यांतील अनेकांना ताप किंवा धाप नव्हती. ‘वय झालं, आता असंच चालायचं’ म्हणून घरच्यांनी घालवलेले दोन दिवस अशा वेळी महागात पडतात. कालपर्यंत नीट असलेल्या व्यक्तीच्या बोलण्यात वा चालण्यात एका दिवसात पडलेला फरक हे लक्षणच समजावे.

चालण्याची चाचणी : रक्तातील प्राणवायू घटत असूनही धाप न जाणवणे हे या रोगाचे फसवे रूप होते. महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने त्यासाठी घरच्या घरी करण्याजोगी सहा मिनिटे चालण्याची चाचणी सर्वदूर पोहोचवली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा पाहायचा, मग सपाट जागी मध्यम चालीने सहा मिनिटे चालून पुन्हा पाहायचा. साठीपुढील व्यक्तींना तीनच मिनिटे चालण्याची मुभा होती. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून अधिक अंकांनी उतरला, तर रुग्णालय गाठायचे. बसल्याजागी धाप लागणाऱ्यांनी ही चाचणी करायची नाही, हे बजावणे आवश्यक होते. नेलपॉलिश किंवा गार पडलेली बोटे आकडा चुकवतात.

हालचाल व आहार : २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत बागेतल्या फेऱ्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठका, हास्यक्लब, देवळापर्यंतचे आणि भाजीपर्यंतचे चालणे एका दिवसात थांबले. हा केवळ विरंगुळा नव्हता. अनेकांचा तेवढाच व्यायाम होता. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका छोट्या प्रयोगात (२००७) त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार घटलेला आढळला. घरात कोंडलेला माणूस पूर्ण झोपून नसतो हे खरे, पण त्याची दिशा तीच असते. मांड्या ओसरल्या की शौचालयातून उठताना आधार लागतो, मग पडण्याची भीती, भीतीपोटी आणखी बसणे, आणि शेवटी खुब्याचे हाड मोडणे. संसर्गातून वाचवलेला माणूस या वाटेने परावलंबी होऊ देणे हे रक्षण नव्हे.

यावरचा उपाय साधा आहे आणि तो दहा बाय दहाच्या खोलीतही जमतो. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. ओट्याला धरून टाचा उचलणे. भिंतीलगत एका पायावर काही सेकंद उभे राहणे. गच्ची किंवा गॅलरी असल्यास सकाळच्या उन्हात फेऱ्या. ताप असताना व्यायाम थांबवावा, पण जेवायला उठून बसावे. वृद्धांना प्रतिकिलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवली जातात (मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यकीय सल्ल्याने). चहा-बिस्किटावर किंवा नुसत्या पेजेवर ही गरज भागत नाही. घट्ट वरण, दूध, दही, उसळ, अंडी, मासे यांतले काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. आजारातून उठल्यावर काही आठवडे उपवास टाळणे उचित.

जुने आजार व औषधे : टाळेबंदीत जुन्या आजारांच्या तपासण्यांना जाणे कठीण झाले; दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे अधिकृत नियम केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये जाहीर केले. त्याच सुमारास ज्येष्ठांना मोतीबिंदू, गुडघेबदल यांसारख्या शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यास सुचवले गेले. तेव्हा ते योग्य असले तरी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबली की नीट न दिसल्याने माणूस पडण्याचा धोका वाढतो. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लाभ प्राणवायूची गरज असलेल्यांपुरताच सिद्ध झाला (जून २०२०). तरीही सौम्य आजारात स्टेरॉइडे सर्रास घेतली गेली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा अतिवापर यांचा २०२१ मधील म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराशी संबंध जोडला जातो.

लसीकरण : कोविडची लस साठीपुढील सर्वांसाठी १ मार्च २०२१ पासून खुली झाली; खबरदारीची तिसरी मात्रा सहव्याधी असलेल्या ज्येष्ठांना १० जानेवारी २०२२ पासून आणि नंतर साठीपुढील सर्वांना मिळू लागली. अंथरुणाला खिळलेल्यांचा प्रश्न मात्र मागे राहिला. घरी जाऊन लस द्यावी यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली. त्यानंतर मुंबईत महानगरपालिकेने हे काम सुरू केले, आणि केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर तशी मुभा दिली. ज्यांना केंद्रापर्यंत जाता येत नव्हते, धोका त्यांनाच सर्वाधिक होता. त्यांची पाळी सर्वांत आधी यायला हवी होती. इन्फ्ल्यूएंझाची वार्षिक लस व न्यूमोकॉकल लस यांचा प्रसार वृद्धांत आजही तोकडा आहे.

मनःस्वास्थ्य : एकाकीपणा व झोपमोड यांनी अनेकांना ग्रासले; मुखपट्टीमुळे ओठ न दिसल्याने कमी ऐकू येणाऱ्यांचा संवाद तुटला. मदतीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

वृद्धाश्रम : भेटी बंद ठेवणे व सेवकांना आवारातच राहण्यास सांगणे हे साथीच्या काळातील प्रमुख उपाय होते.