लईराईच्या सात बहिणी

शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाय, शीतळाय आणि अंजदीप बेटावरची आदिदीपा या सात बहिणी, आणि खेतोबा हा त्यांचा भाऊ, असे गोव्याच्या डिचोली-पेडण्यात मानतात. विस्तव आणायला धाडलेला खेतोबा पोरांसोबत खेळात रमला, तेव्हा लईराईने रागाने त्याला लाथ मारली आणि मग पश्चात्तापाने निखाऱ्यांवरून चालण्याचे व्रत घेतले. म्हणून वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत व्रत पाळलेले भक्त, म्हणजे धोंड, तळीत न्हातात आणि गोंडे लावलेली वेताची काठी हातात धरून पहाटे होमखंडाच्या निखाऱ्यांतून धावत जातात.

सातांचा हा मेळ जुना आहे. बदामीचे चालुक्य आपल्या ताम्रपटांत स्वतःला सप्तमातृकांनी वाढवलेले म्हणवत. त्यांच्या मंगलेशाने जिंकलेले रेवतीद्वीप म्हणजे पेडण्याच्या उत्तरेचे रेडी, असे अभ्यासक मानतात; म्हणजे त्यांची सत्ता या परिसरापर्यंत पोचली होती. मातृकांच्या शिल्पपटातही सातजणींच्या कडेला वीरभद्र राखणीला असतो. खेतोबाची जागा तीच दिसते. मात्र गोव्यातल्या बहिणींची नावे ब्राह्मी, वाराही, चामुंडा अशी नाहीत. दोन हत्ती जलाभिषेक करताहेत अशा गजलक्ष्मीच्या रूपात केळबाय पुजली जाते, शीतळाय देवीच्या रोगाची देवता आहे, मोरजाई आपल्या गावाची. वेगवेगळ्या मुळांच्या ग्रामदेवतांना या कथेने भावंडे केले, आणि त्यासोबत गावांनाही एकमेकांचे नातेवाईक केले. हे तिचे मोठेच काम म्हटले पाहिजे.

पोर्तुगिजांच्या काळात हे नाते कसाला लागले. 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी त्यांच्याकडे गेले. तिथली देवळे मोडली जाऊ लागली, तेव्हा साष्टीतल्या, आज मुरगाव तालुक्यात असलेल्या, कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये जुवारीपलीकडे प्रियोळला नेण्यात आला. डिचोली आणि पेडणे मात्र पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या मुलखात, म्हणजे नव्या काबिजादीत, अठराव्या शतकात जाऊन पडले. तोवर देवळे मोडण्याचा जोर ओसरला होता, म्हणून तिथल्या बहिणी आपापल्या जागी राहिल्या. बारदेशातली मिराबाय देऊळ गमावूनही कुटुंबाबाहेर गेली नाही: म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण तीच, असे लोकांनी ठरवले. ईस्टरनंतर दोन आठवड्यांनी येणाऱ्या तिच्या सोमवारच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. ते चर्च 1594 मध्ये उभे राहिले. तेव्हा सायबिणीला बहीण मानणारे कथेचे आजचे रूप त्यानंतरचेच असणार.